जनुकांवरच्या खुणा



मूल जन्माला आले की घरातल्या बायका आधी त्याचे नाक कुणाचे आणि रंग कुणाचा याचा निवाडा करतात. नाक बापाचे, कपाळ आजीचे, आणि हट्टीपणा बहुधा आईच्या माहेरचा! 'खाण तशी माती' असे म्हटले की निवाडा पुरा होतो. या म्हणीत न मावणाऱ्या एका गोष्टीविषयी आज मला तुमच्याशी बोलायचे आहे. खाण तीच असूनही माती कधी कधी निराळी का निघते, याचा शोध जगभरचे शास्त्रज्ञ गेली काही वर्षे मिळून घेत आहेत. त्या शोधातले एक पान आमच्या मुंबईच्या उपनगरांत, वांद्रे-खारपासून अंधेरीपर्यंतच्या झोपडपट्ट्यांत लिहिले गेले आहे, आणि ते लिहिण्यात हजारो बायकांचा हात आहे.

मी स्वतः शास्त्रशाखेचा माणूस नव्हे. उपनगरातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो, आणि प्रयोगशाळेशी माझा संबंध जिन्याने जाता-येता नाकात शिरणाऱ्या वासापुरताच. पण हा विषय माझ्या घरातूनच माझ्याकडे आला. आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना माण म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. माझी आई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होती. कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो, हेच काय ते अन्न. त्या हिवाळ्यात तिला दिवस गेले आणि १९७३ च्या श्रावणात माझा थोरला भाऊ जन्मला. आजी त्याला लाडाने 'मिलो'च म्हणे. पुढे वडील घाटकोपरला माथाडी कामाला लागले, आणि मी १९८१ साली तिथेच जन्मलो. एकच आई, एकच बाप. भाऊ माझ्याहून चार बोटे बुटका, अंगाने सडपातळ, तरी चाळिशीतच त्याला मधुमेह जडला. मला अजून नाही. घरात म्हणतात, नशीब. एका घरावरून शास्त्र सिद्ध होत नसते हे मलाही कळते. पण प्रश्न पडायला एक घर पुरते.

आता मूळ गोष्ट समजून घेऊ. आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी एक ग्रंथ बाळगून असते. त्याचे नाव डीएनए. त्याची लिपी अवघ्या चार अक्षरांची, पण मजकूर सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा. त्यात वीस हजारांच्या आसपास जनुके आहेत. त्यांना धडे समजा. हा ग्रंथ वाचून काढण्याचा जागतिक प्रकल्प १९९० साली सुरू झाला आणि २००३ साली पुरा झाल्याचे जाहीर झाले. त्या वेळी अनेकांना वाटले, आता माणसाचे सारे गुपित उघडे झाले. पण एक कोडे शिल्लकच होते. यकृताच्या पेशीत जो ग्रंथ आहे तोच डोळ्याच्या पेशीत आहे, तोच कातडीच्या पेशीत आहे. मग यकृत पाहू का लागत नाही आणि डोळा पित्त का गाळत नाही?

शिक्षकमंडळींना याचे उत्तर चटकन पटेल. पाठ्यपुस्तक सगळ्या राज्याला एकच असते. पण वर्गावर जाण्यापूर्वी गुरुजी त्यावर पेन्सिलीने खुणा करतात. हा धडा आधी, हा दिवाळीनंतर, हा परीक्षेला नाही. पुस्तकातले एक अक्षरही बदललेले नसते. पण वर्गात शिकवले जाते ते खुणांप्रमाणे. पेशीतही तसेच चालते. मिथिल नावाचा एक चिमुकला रासायनिक गट आहे, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढाच त्याचा संसार. तो डीएनएतल्या 'सी' या अक्षरावर, बहुधा जिथे 'सी'च्या पुढे 'जी' येते तिथे, जाऊन बसतो. अशा जागा सुमारे दोन कोटी ऐंशी लाख आहेत. जनुकाच्या तोंडाशी असे गट दाटीने बसले की तो धडा सहसा वाचला जात नाही. डीएनए ज्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, त्या रिळांवरही निराळ्या खुणा असतात. या साऱ्याच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. कॉनरॅड वॉडिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९४२ साली या अभ्यासाला हे नाव दिले. मराठीत कोणी 'अधिजनुकशास्त्र' म्हणतात. मी आपला 'खुणा' एवढेच म्हणणार.

खुणांवर अन्नाचा परिणाम होतो का? महाबळेश्वराकडच्या मधपाळांना विचारा. कामकरी माशी आणि राणीमाशी यांची अंडी एकाच जातीची. सगळ्या अळ्यांना पहिले काही दिवस रॉयल जेली नावाचा खुराक मिळतो. पुढे तो फक्त भावी राणीला चालू राहतो, बाकीच्यांची बोळवण मध-परागांवर होते. तेवढ्याने एक अळी अंडी घालणारी, वर्षानुवर्षे जगणारी राणी होते आणि दुसरी काही आठवड्यांत झिजून मरणारी कामकरीण. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी अळ्यांमधली मिथिलच्या खुणा करणारी यंत्रणाच दाबून टाकली. तेव्हा राणीचा खुराक न मिळताही बऱ्याच अळ्यांच्या राण्या झाल्या! म्हणजे खुराक बोलत होता तो खुणांच्या भाषेत.

पण माशीवरून माणसावर उडी मारणे बरे नव्हे. माणसाच्या खुणा आधी नोंदवायला हव्यात, आणि इथेच अडचण आहे. ग्रंथ एकच, पण खुणांच्या प्रती पेशीगणिक निराळ्या. रक्ताची वेगळी, मेंदूची वेगळी, बाळाची वेगळी, म्हाताऱ्याची वेगळी. हे काम एका प्रयोगशाळेचे तर नाहीच, एका देशाचेही नव्हे. म्हणून २०१० च्या जानेवारीत पॅरिसमध्ये एक आंतरराष्ट्रीय संघ उभा राहिला. अमेरिका, कॅनडा, जपान, दक्षिण कोरिया, जर्मनी, सिंगापूर, युरोपीय संघ अशांनी कामे वाटून घेतली, आणि निरनिराळ्या पेशींचे मिळून एक हजार प्रमाण नकाशे करायचे असे ठरवले. ठरावात सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला वाटते ती ही, की सगळ्यांनी एकाच मापाने मोजायचे आणि मोजलेले सर्वांसाठी खुले ठेवायचे. तलाठ्याचे माप एक आणि भूमापकाचे दुसरे असले म्हणजे बांधावर काय होते ते गावकऱ्यांना सांगायला नको. २०१५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी १११ नकाशे प्रसिद्ध केले. २०१६ च्या नोव्हेंबरात संघाचे एकेचाळीस शोधनिबंध एकदमच बाहेर आले.

नकाशा झाला. पण नकाशा एवढेच सांगतो की खूण कुठे आहे. ती तिथे का पडली, हे सांगत नाही. ते कळायचे तर ज्या मुलांची आई गरोदरपणाच्या आधी आणि गरोदरपणात काय खात होती याची पक्की नोंद आहे, अशी मुले हवीत. इतिहासाने एकदा क्रूरपणे तशी नोंद करून ठेवली. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. शिधापत्रिकेवरचे अन्न दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेले. त्या हिवाळ्यात ज्यांचा गर्भ राहिला त्यांचे रक्त साठ वर्षांनी तपासले, तेव्हा वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या मिथिलच्या खुणा त्यांच्यात कमी आढळल्या. कुणापेक्षा कमी? त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा, जी उपासमारीच्या आधी किंवा नंतर पोटात राहिली होती. २००८ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. मी तो पुष्कळ उशिरा, एका शास्त्राच्या प्राध्यापक मित्राकडून समजावून घेतला, आणि त्या रात्री मला भावाची आठवण झाली. त्याचे रक्त कुणी तपासलेले नाही. आमच्या माणमध्ये शिधापत्रिका होत्या, पण साठ वर्षांची वही कुणी ठेवली नाही.

आता मिथिलचे गट येतात कुठून ते पाहू. ते पुरवण्याच्या कामी शरीराला काही जीवनसत्त्वे लागतात. त्यांत फोलेट आणि बी-१२ ही दोन मुख्य. बी-१२ दुधातून, अंडी-मांस-मासळीतून मिळते. फोलेट पालेभाज्यांतून मिळते. त्याचे नावच मुळी पानाच्या लॅटिन शब्दावरून पडले आहे. आणि या फोलेटचा पहिला धागा सापडला तो आमच्या मुंबईत. लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण १९२८ साली मुंबईला आली. इथल्या गरीब गरोदर बायकांना, त्यांत गिरणीत राबणाऱ्या पुष्कळ, रक्तक्षयाचा एक घातक प्रकार होत असे. तिने हाफकिन संस्थेत उंदरांवर व माकडांवर प्रयोग केले, आणि एस. एन. तळपदे यांच्या साह्याने मुंबईच्या बायका काय खातात, कशा राहतात याची पाहणी केली. यीस्टच्या अर्कात असे काहीतरी आहे की ज्याने हा रक्तक्षय बरा होतो, हे तिने १९३१ साली जाहीर केले. दहा वर्षांनी अमेरिकेत पालकाच्या भाजीतून ते द्रव्य वेगळे काढण्यात आले. आज गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात ज्या लोह-फोलिकच्या गोळ्या मिळतात, त्यांतल्या फोलिकचा हा पूर्वेतिहास. परळच्या परिसरातले शास्त्रज्ञ आणि परदेशी पाहुणे एका टेबलावर बसण्याची रीत आपल्याकडे काही आजची नाही.

पुढचा टप्पा पुण्याजवळचा. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या शास्त्रज्ञांच्या सहकार्याने पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास मांडला. बाई काय खाते, किती राबते, बाळ केवढे होते, अशी बारीक नोंद. बाळे सरासरी पावणेतीन किलोंच्या आसपास भरली, साउदॅम्प्टनची साडेतीन. पण नवल असे की वजनाने एवढी कमी असूनही कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. याज्ञिकांनी या बाळाला 'बारीक पण चरबीचे' अशा अर्थाचे नाव दिले. पुढे मधुमेहाकडे झुकणारा हाच बांधा. दुसरे नवल सुमारे आठशे मातांच्या आहाराच्या नोंदीतून निघाले. बाळाच्या आकाराचा संबंध आईने किती भाकरी खाल्ली याच्याशी फारसा दिसेना; तो दिसला दूध, पालेभाज्या आणि फळे यांच्याशी.

दिसला, म्हणजे सिद्ध झाला असे मात्र नाही. जिच्या घरी दूध-फळे आहेत तिच्या घरी इतरही बरेच असते. मग खरे-खोटे करायचे कसे? चिठ्ठ्या टाकून. काही बायकांना भाजी-फळे-दुधाचा पदार्थ द्यायचा, काहींना तसाच दिसणारा पण त्यातले सत्त्व नसलेला, आणि कुणाला काय मिळायचे ते चिठ्ठीने ठरायचे. हाच प्रयोग आमच्या उपनगरांत झाला. मुंबईचे डॉ. रमेश पोतदार, साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ च्या जानेवारीपासून २०१२ पर्यंत तो चालवला. नाव ठेवले 'सरस'. मराठी माणसाला अर्थ सांगायला नको.

प्रयोगाचे औषध म्हणजे समोशा-भज्यांसारखा रोजचा एक खाऊ. गोळी नव्हे, काढा नव्हे. नाक्यावर मिळतो तसा तळलेला चटकदार जिन्नस. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळे आणि दूध. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या सत्त्वाने हलक्या भाज्या. आणि खाऊ सुरू व्हायचा तो गरोदरपणात नव्हे, निदान तीन महिने आधी. त्याला कारण आहे. बाईला दिवस गेल्याचे कळते तोवर गर्भातली बरीच महत्त्वाची मांडणी होऊन गेलेली असते. गर्भाच्या अगदी पहिल्या दिवसांत जुन्या खुणांपैकी बहुतेक पुसल्या जातात आणि नव्या घातल्या जातात. शाळा उघडताना गुरुजी जुन्या खुणा खोडरबराने पुसून नव्याने करतात, तसे. त्या वेळी पेन्सिलच जवळ नसेल तर?

६५१३ बायका या प्रयोगात आल्या. हा आकडा वाचताना सहज पुढे जाता येते. मला जाता येत नाही. यातली एकेक बाई रोज गल्लीतल्या केंद्रावर यायची आणि तिथेच बसून खायची. किती खाल्ले त्याची नोंद व्हायची. पाण्याची वेळ, नळावरची रांग, सासूचा प्रश्न, पोराची शाळा, धुण्या-भांड्यांची कामे, हे सारे सांभाळून. त्यांतल्या २२९१ जणींना दिवस गेले. १९६२ जणींना एकेक जिवंत बाळ झाले. जन्मानंतर मोजता आली ती १३६० बाळे. बाळंतपणाला माहेरी, गावी जायची आपली रीत. शास्त्राच्या वहीला ती रीत गैरसोयीची, पण बाईला सोयीची, आणि मी बाईच्या बाजूचा.

निकाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. सगळ्या बायका धरून पाहिले तर बाळांच्या वजनात फरक पडला सरासरी २६ ग्रॅमचा, म्हणजे योगायोगानेही पडावा एवढाच. ज्यांनी तीन महिने आधीपासून खाल्ले होते त्यांच्यात तो ४८ ग्रॅम झाला. आणि मग पुढची ओळ येते, ती मला फार बोचते. आई जितकी कृश तितका लाभ कमी. अंगाने बऱ्यापैकी भरलेल्या बायकांच्या बाळांत ९६ ग्रॅमची वाढ दिसली. सर्वांत कृश बायकांच्या बाळांत वाढ दिसलीच नाही. ज्यांना गरज जास्त त्यांनाच फळ कमी! माझी समजूत अशी, की जिचे स्वतःचेच पोट उणे आहे तिला एका समोशाने बाळासाठी शिल्लक टाकता येत नाही. भाजीला आधी भाकरीची सोबत लागते. मात्र दुसऱ्या एका तपासणीत आनंदाची गोष्ट निघाली. गरोदरपणी होणारा मधुमेह बटाट्याच्या गटात शंभरात बारा जणींना होता, तर पालेभाजीच्या गटात सात जणींना. हा निबंध २०१६ चा.

आता जगाच्या नकाशाकडे परत येऊ. त्याच सुमारास पश्चिम आफ्रिकेत, गांबिया या चिमुकल्या देशात, केनेबा नावाच्या खेड्याच्या परिसरात ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेचे काम चालू होते. तिथे जुलै ते सप्टेंबर पावसाळा. धान्याच्या कोठ्या रिकाम्या, शेतात मरणाचे काम. पण रानात पाला भरपूर. आपल्याकडच्या आषाढासारखेच, कणगीत खडखडाट आणि बांधावर टाकळा-कुर्डूची गर्दी. या दिवसांत पोटात राहिलेल्या मुलांच्या काही जनुकांवर मिथिलच्या खुणा जास्त, आणि सुगीच्या दिवसांत पोटात राहिलेल्यांच्या कमी, असे २०१० साली आणि पुन्हा २०१४ साली दिसून आले. जन्माची वेळ पाहून आपल्याकडे पत्रिका मांडतात. इथे गर्भधारणेच्या ऋतूची नोंद रक्तात सापडत होती. गांबियातही बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून सूक्ष्म सत्त्वांच्या गोळ्या देण्याचा प्रयोग होऊन गेला होता. तेव्हा दोन्ही ठिकाणची मुले एकत्र तपासायचे ठरले. भारताच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि ब्रिटनच्या संशोधन परिषदेने मिळून पैसा घातला. मुंबईचे सरस पथक, साउदॅम्प्टन, गांबिया, आणि हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेतील डॉ. गिरिराज चांडक असा मेळ जमला. 'एम्फसिस' हे या कामाचे नाव.

अंधेरीचा समोसा असा जगाच्या नकाशावर पोचला. मुंबईची सुमारे सातशे मुले, पाच ते सात वर्षांची. गांबियाची तीनशेच्या आत, थोडी मोठी. प्रत्येकाच्या रक्तातल्या डीएनएवर साडेआठ लाखांच्या घरात जागा तपासल्या. २०२० साली निकाल आला. गांबियाच्या मुलांत काही थोड्या जागी फरक दिसला. आमच्या मुंबईच्या मुलांत तसा ठळक फरक हाती लागला नाही.

कुणाला वाटेल, मग एवढा खटाटोप फुकटच गेला. मला तसे वाटत नाही. जिथे खूण ठळक असते तिथे ती सापडते, हे त्याच सुमारास दिसले होते. २०१६ साली तेरा अभ्यासांतल्या ६६८५ नवजात बाळांच्या खुणा एकत्र पाहिल्या, तेव्हा गरोदरपणी सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या बाळांत हजारो जागी फरक निघाला. म्हणजे पद्धत लंगडी नव्हती. भाजीची खूण असलीच तर तंबाखूइतकी गडद नाही, किंवा रक्तात न दिसता दुसऱ्या कुठल्या पेशीत असेल, किंवा कमी मुलांत ती टिपली जात नसेल. त्या लोकांनी आपला निकाल फुगवून सांगितला नाही, हे मी मोठेपण समजतो. कारण बाहेर बाजारात उलटे चालले आहे. 'गर्भातच बुद्धिमान मूल घडवा, जनुके बदला, शास्त्राने सिद्ध झाले आहे' असे फलक लावून वर्ग काढणारे आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आहेत. त्यांची फी भरण्यापूर्वी हे २६ ग्रॅम आठवावेत.

पण फीपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची धास्ती वाटते. हा विषय मी एकदा वर्गात थोडक्यात सांगितला. तास संपल्यावर अंधेरीच्या एका वस्तीत राहणारी विद्यार्थिनी टेबलाशी थांबली. म्हणाली, "सर, म्हणजे आमच्या आईने भाजी खाल्ली नाही, म्हणून आम्ही असे का?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरेच जाणून घ्यायचे होते. क्षणभर मला सुचेना. जगातल्या हजार नकाशांचा अर्थ आमच्या उपनगरात असा लागणार असेल, तर हे शास्त्र सासवांच्या हातात नवी काठी देणार. आधीच मुलगी झाली तर दोष आईचा, मूल रोडावले तर दोष आईच्या दुधाचा. आता जनुकांवरच्या खुणाही तिच्याच खात्यावर!

मी तिला म्हटले, "अगं, तुझ्या आईने जेवायचे कधी ते आधी सांग." ती हसली. तिलाही ठाऊक होते. नवरा, सासरा, मुलगे, मग मुली, आणि पातेल्याच्या तळाशी राहिले असेल ते आई. पालेभाजीची जुडी घ्यायची तर ती निवडायला वेळ हवा, धुवायला पाणी हवे, आणि ती शिजून मूठभर होते म्हणून घरात कुणाच्या पानात पडेल हे ठरलेलेच. तिच्या आईने भाजी टाळली नव्हती. भाजी तिच्यापर्यंत पोचली नव्हती. हा फरक रक्ताच्या नळीत दिसत नाही. तो दिसायला माझ्यासारख्या समाजशास्त्राच्या मास्तराची गरज आहे असेही नाही. आपापल्या स्वयंपाकघरात रात्री साडेनऊला डोकावले तरी पुरे.

शिक्षकबंधुभगिनींनो, हा धडा वर्गात घेताना एवढी काळजी घ्या, की आईच्या ताटाविषयी बोलताना ते ताट वाढते कोण, हेही बोलले जावे. आणि खुणा म्हणजे विधिलिखित नव्हे, हेही मुलांना सांगा. त्या पेन्सिलीच्या आहेत. काही पक्क्या राहतात, काही आयुष्यात बदलतात. माझ्या भावाचा मधुमेह त्याने चालून आणि जेवण आवरून आटोक्यात ठेवला आहे. सडपातळ माणसालाही मधुमेह होतो, हे मात्र त्याला कुणी वेळेवर सांगितले नव्हते. ज्या कुणा श्रोत्याचा जन्म दुष्काळाच्या वर्षातला असेल, त्याने साखर एकदा तपासून घ्यावी, असे मी आपला सांगतो. त्यात तोटा काही नाही.

सरस प्रयोगातली मुले २००६ नंतरच्या सहा वर्षांत जन्मली. त्यांतली थोरली आता महाविद्यालयात यायच्या वयाची झाली. एखादे माझ्या वर्गात बसतही असेल. मला ते कळायचे नाही.

गेल्या महिन्यात भावाकडे गेलो होतो. आई तिथेच असते. हे सगळे मी तिला सांगत बसलो. हॉलंड सांगितले, गांबिया सांगितले, अंधेरीच्या त्या बायका सांगितल्या. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग एकच विचारले, "तो समोसा त्यास्नी घरी न्यायला देत होते का?"

मी म्हटले, "नाही. तिथंच बसून खायचा."

"बरं केलं," आई म्हणाली. "घरी न्यायला दिला असता, तर पोरांनीच खाल्ला असता."